फासक्यांविरुद्ध काम सुरू करताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गात तुम्ही फासक्या, म्हणजे जनावर अडकवण्यासाठी लावलेले तारेचे फास, रोखण्याचे हे काम नव्याने हाती घेत आहात, म्हणून आधी मनापासून सांगतो की शेतकऱ्याला शत्रू समजू नका. रानडुकरे एका रात्रीत भातशेती तुडवून टाकतात, आणि मग कुणीतरी कुंपणालगतच्या पायवाटेवर दुचाकीच्या क्लचवायरची फासकी लावतो. तिच्यात मात्र बिबट्या, भेकर किंवा वाडीतला राखणीचा कुत्राही अडकतो, आणि सुटण्यासाठी तो जितके हिसके देतो तितकी तार कमरेत रुतत जाते. अडकलेले जनावर स्वतः सोडवायला जाऊ नका. गर्दी दूर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रिकामी फासकी दिसली, तर छायाचित्र घेऊन, नेमकी जागा नोंदवून वनरक्षकाला बोलवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार फास लावून वन्यप्राणी पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. पण त्याच सभेत पीकनुकसानीच्या भरपाईचे अर्ज भरून द्यायलाही बसा, कारण माझ्या अनुभवात लोक फासक्यांविषयी मोकळेपणाने बोलले ते असे अर्ज भरताना. पहिली फेरी भात पोटरीला येण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याआधीच्या, सुमारास, पोलीस पाटलांना सोबत घेऊन काढा.