नाइट, शिलेदार आणि एकांडा

वॉल्टर स्कॉट यांची 'आयव्हॅन्हो' (1819) ही कादंबरी सध्या आपण वाचत आहात आणि तिच्यातील 'नाइट'ला, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या मानाच्या घोडेस्वार योद्ध्याला, मराठीत सरदार म्हणावे, शिलेदार म्हणावे की राऊत, असे आपण विचारले आहे. सरदाराच्या हाताखाली पथक असते, त्यामुळे ॲशबी गावच्या भालायुद्धाच्या रिंगणात एकट्याने उतरणाऱ्या आयव्हॅन्हो या नायकाला तो शब्द सैल पडतो.

'शिलेदार' अधिक मोहात पाडतो. फारसीतल्या 'सिलाहदार'वरून, म्हणजे शस्त्र बाळगणारा या अर्थावरून, तो मराठीत आला. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद मराठ्यांच्या फौजेत होता. या कसोटीवर आयव्हॅन्होला उभे केले तर गंमत होते. ॲशबीच्या सामन्यासाठी त्याने घोडा आणि चिलखत यॉर्कच्या आयझॅक या ज्यू सावकाराच्या मध्यस्थीने मिळवलेले असते आणि विजयानंतर त्याचे पैसे तो सेवक म्हणून सोबत असलेल्या गुर्थच्या हाती पाठवतो. काटेकोरपणे पाहिले तर त्या दिवशी तो बारगीरच ठरेल! तरीही त्याच्या नाइटपणाला बाध येत नाही, कारण नाइट हा विधिपूर्वक मिळालेला दर्जा आहे. घोडा कोणाचा, हा प्रश्न तेथे गौण आहे. टॉर्किलस्टोनचा किल्ला पडत असताना द ब्रेसी हा नाइट निनावी योद्ध्यापुढे शस्त्र ठेवायला नकार देतो आणि काळ्या चिलखतातल्या त्या वीराने, म्हणजे वेषांतर केलेल्या रिचर्ड राजाने, आपले नाव कानात सांगितल्यावरच शरण येतो, यातही तोच दर्जाचा मान दिसतो.

'शिलेदार' खरा शोभतो तो याच द ब्रेसीच्या माणसांना. रिचर्ड राजाने नाकारलेल्या आपल्या भाडोत्री भालाइतांना तो 'फ्री लान्सेस' म्हणतो. आजचा 'फ्रीलान्सर' याच शब्दाच्या वंशातला असून तो रूढ होण्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. आपण त्यासाठी 'मुक्त' हे विशेषण वापरतो, मुक्त पत्रकार वगैरे. पण कोणत्याही पथकात न मोडता आपल्या घोड्यानिशी एकट्याने चाकरी करणाऱ्या स्वारासाठी 'एकांडा शिलेदार' ही नेमकी संज्ञा मराठीत होतीच, आणि ती मला अधिक ठसकेबाज वाटते.

'राऊत' हा शब्द मला मनापासून आवडतो. तो 'राजपुत्र' या शब्दापासून घसरत साध्या घोडेस्वारापर्यंत आला, तर 'नाइट' जुन्या इंग्रजीतल्या पोऱ्या किंवा चाकर या अर्थापासून वर चढत मानकऱ्यापर्यंत गेला; दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले असावेत. तथापि आज राऊत हे आडनाव म्हणूनच अधिक कानावर येत असल्याने वाचक अडखळेल.

म्हणून भाषांतरात मी 'नाइट' तसाच ठेवीन. मात्र नायकाच्या ढालीवर उन्मळलेल्या ओक वृक्षाखाली जो 'देसदिचादो' हा शब्द आहे, तो ठेवणार नाही. मूळ स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'दुर्दैवी' असा असला तरी स्कॉट यांनी तो 'वारसा हिरावलेला' या अर्थाने योजला आहे, आणि त्यासाठी आपल्या सातबाऱ्याच्या भांडणांतला 'बेदखल' हा शब्द त्या ढालीवर चपखल बसतो.