धूर मारणारी सोयऱ्यांची गाडी घ्यावी काय?

प्रश्न : आम्ही शेतकरी आहोत. वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते, म्हणून घरी चारचाकी असावी असे वाटते. आमच्या सोयऱ्यांना त्यांची 2013 ची सात आसनी डिझेल जीप विकायची आहे. चांगल्या स्थितीतील अशा गाडीला आमच्याकडे तीन लाखांच्या आसपास भाव आहे. ते 1 लाख 80 हजारांत द्यायला तयार आहेत. इंजिन निळसर धूर मारते, हजार किलोमीटरमागे दीड लिटर ऑईल खाते आणि उन्हाळ्यात गरम होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. गावचे मिस्त्री 45 हजारांत काम होईल म्हणतात. कापसाच्या चुकाऱ्यातून माझ्याजवळ 2 लाख 20 हजार रुपये आहेत. गाडी घ्यावी काय?
— एक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सांगितलेल्या भावात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोयऱ्यांनी दोष लपवला नाही, याबद्दल त्यांचे कौतुकच करावे लागेल. परंतु दोष ठाऊक असणे आणि दोषाचे कारण ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सध्या आपल्याला फक्त पहिली ठाऊक आहे. बाजारभावापेक्षा 1 लाख 20 हजार रुपये कमी पडतात म्हणून हा सौदा स्वस्त दिसतो. मात्र गाडीचे पैसे दिल्यावर आपल्याजवळ 40 हजार उरतील, म्हणजे मिस्त्रींनी तोंडी सांगितलेला खर्चही त्यातून भागणार नाही.

निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे, एवढे नक्की. ते कोठून जळते यावर सगळा खर्च ठरतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना धुराचा एक लोट येऊन पुढे धूर थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील (झडपांपाशी ऑईल अडवणारे सील) गेले असण्याची शक्यता अधिक असते आणि काम हेडपुरते, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापुरते, आटोपू शकते. टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचे, सील गेले असल्यास हवेच्या पाइपमध्ये ऑईल साचलेले आढळते. रेस दिली की सतत धूर निघत असेल, आणि इंजिन चालू ठेवून ऑईलचे झाकण उघडल्यावर तेथून धुराचे फटके येत असतील, तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. अशा वेळी रिंग-पिस्टन व बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजले आहेत असे धरून चालावे. हजार किलोमीटरला दीड लिटर हा खप पाहता मला याच कारणाची शंका येते. नागपूरच्या सुमारे तीनशे किलोमीटरच्या एका जाण्यायेण्यात जवळजवळ अर्धा लिटर ऑईल कमी होईल. शिवाय झिजलेले डिझेल इंजिन किंवा फुटलेला टर्बो कधी कधी स्वतःचेच ऑईल ओढून भरधाव फिरू लागतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. आजारी माणूस सोबत असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही.

गरम होण्याची तक्रार मला धुरापेक्षाही गंभीर वाटते. आपण गाडी हिवाळ्यात पाहत आहात. आज दोन-चार किलोमीटर चालवून काटा जागेवर राहिला तरी त्यावरून मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, सात माणसे बसवून हिंगणघाट-जामच्या रस्त्यावर काय होईल ते कळत नाही. रेडिएटर तुंबणे, पंखा नीट न फिरणे, वॉटर पंप झिजणे ही त्यातल्या त्यात हलकी कारणे होत. परंतु तशीच गरम गाडी वारंवार चालवली गेली असेल तर हेड वाकते, त्याला तडाही जातो आणि हेड गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारे पॅकिंग) जाते. काही गॅरेजमध्ये गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिनातील पाण्याचा प्रवाह कमीजास्त करणारी झडप) काढून टाकतात. त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि काही काळ झाकला मात्र जातो. म्हणून तो जागेवर आहे काय, हे मुद्दाम विचारावे. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून मग ते चालू करून पाहावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. ऑईलच्या झाकणाखाली मळकट पांढरा, साईसारखा थर असेल तर पाणी ऑईलमध्ये मिसळत असू शकते. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटर कधीही उघडू नये, त्याने चेहरा भाजतो.

ही पाहणी सकाळीच, इंजिन चालू होण्याआधी करावी आणि सोयऱ्यांना तसे आधी सांगून ठेवावे. आपण पोहोचण्यापूर्वी गाडी तापवलेली असेल, इंजिन धुऊन काढलेले असेल किंवा नुकतेच जाड ऑईल भरलेले असेल, तर त्या दिवशी दिसेल त्यावर भरवसा ठेवू नये. त्यानंतर डिझेल इंजिनाचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधील दाबाची तपासणी, करून घ्यावी. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असला पाहिजे. त्यांपैकी एखादा बराच खाली आला, तर 45 हजारांचा अंदाज विसरावा. इंजिन न उघडता सांगितलेला खर्च हा दिसणाऱ्या कामाचाच असतो. इंजिन उघडून लेथवर (यंत्रकामाला) गेल्यावर बोअर, क्रँक, बेअरिंग, नोझल असे एकेक निघत जाते. दोन गॅरेजमधून सुट्या भागांच्या यादीसह लेखी अंदाज घ्यावा आणि मोठ्या आकड्यात आणखी निम्मी भर घालावी. समजा अंदाज 90 हजारांचा आला, तर खर्च 1 लाख 35 हजार धरावा. तीन लाखांतून तो वजा करता 1 लाख 65 हजार उरतात. त्याहून अधिक देणे म्हणजे दुरुस्तीची कटकट आणि गॅरेजमध्ये जाणारे दिवस फुकट पदरात घेणे होय. आणि याही भावात खरेदी व दुरुस्ती मिळून तीन लाख लागतील, जे आपल्याजवळ नाहीत.

सोयऱ्यांकडे टेस्टचा विषय कसा काढावा, हा संकोच मी समजू शकतो. पण नंतर हेड फुटले तर जी कटुता येईल तिच्यापुढे आजचा संकोच फार लहान आहे. टेस्टचा खर्च आपण करावा, अहवाल दोघांनी मिळून पाहावा आणि सौदा झालाच तर ज्ञात दोष करारनाम्यात लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आरसीवरील इंजिन व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा, थकीत ई-चलान यांची खात्री करून मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या घ्याव्यात आणि विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज 14 दिवसांत द्यावा. गाडी 2013 ची असल्याने 15 वर्षांची नोंदणी 2028 मध्ये संपेल आणि नूतनीकरणासाठी तिची तपासणी होईल, हेही भाव ठरवताना बोलून दाखवावे.

टेस्टमध्ये दोष केवळ व्हॉल्व्ह सील आणि रेडिएटरपुरता निघाला आणि सोयरे दीड लाखाच्या आसपास उतरले, तर गाडी जरूर घ्यावी. उरलेल्या 70 हजारांतून उन्हाळ्यापूर्वी काम करून घेता येईल. रिंग-पिस्टनचे किंवा वाकलेल्या, तडकलेल्या हेडचे काम निघाले तर सोयऱ्यांना अहवाल दाखवून नम्रपणे नकार द्यावा. महिन्याच्या एका फेरीसाठी तूर्त भाड्याची गाडी करावी, आणि पेरणीचा खर्च बाजूला काढून जे उरेल त्यात सुस्थितीतील लहान पेट्रोल गाडी सावकाश शोधावी.