मुंबई ते ऑकलंड: अंतर किती, वेळ किती?

बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही ऑकलंडला कायमचे येताय आणि विचारताय की अंतर नेमकं किती, विमानाला किती तास लागतात आणि दोहामार्गे स्वस्त मिळतंय ते तिकीट घ्यावं का. मी इथे बरीच वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ हवाई अंतर साधारण १२,३०० किलोमीटर आहे. थेट विमान नाही, त्यामुळे कुठेतरी बदलावं लागतंच. पण सिंगापूर जवळजवळ त्या सरळ रेषेवरच येतं. मुंबई ते सिंगापूर ३,९०० आणि पुढे ऑकलंडपर्यंत ८,४००, म्हणजे वळसा असा नाहीच. पहिला टप्पा साडेपाच तासांचा, दुसरा दहाच्या आसपास. दोहामार्गे मात्र आधी २,३०० किलोमीटर उलट्या दिशेला जायचं आणि मग १४,५०० किलोमीटर परत पूर्वेकडे यायचं. एकूण साडेचार हजार किलोमीटर जास्त! त्यातला दुसरा टप्पा सलग सोळा तासांच्या घरात जातो. लहान मुलीला घेऊन तो प्रवास करू नका, एवढं कळकळीने सांगतो. तिकिटात वाचलेले पैसे त्या सोळा तासांत वसूल होतात.

आता घड्याळाचं गणित. न्यूझीलंड भारताच्या साडेसहा तास पुढे आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेसात तासांचा होतो. सिंगापूरला दोन तासांचा थांबा धरला तर प्रवास साडेसतरा तासांचा, त्यात साडेसहा मिळवा: बरोबर चोवीस. म्हणजे मुंबईहून शुक्रवारी रात्री अकराला निघालात तर इथे शनिवारी रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पहिल्यांदा येताना हे गैरसोयीचं आहे. अनोळखी शहर, पेंगुळलेली मुलगी, चार मोठ्या बॅगा आणि घराची किल्ली देणारा एजंट केव्हाच घरी गेलेला. थांबा थोडा मोठा झाला तरी चालेल, पण सकाळी किंवा दुपारी उतरणारं विमान बघा.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत तर सिंगापूरला बाहेर येऊन सामान घ्यावं लागेल, व्हिसाचा प्रश्न येईल आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेणार नाही. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे येणार असाल तर भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज आधी करावा लागतो.

उतरल्यावर इमिग्रेशननंतर जैवसुरक्षा तपासणी असते. आईने डब्यात बांधून दिलेलं, मसाले, लोणचं, सगळं खाण्याचं म्हणून जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपलेली सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मध आणि ताजा कढीपत्ता मात्र आणूच नका.

परतीच्या प्रवासाला वेळ जास्त लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑकलंड ते सिंगापूर पावणेअकरा तासही होतात. पुढे आईबाबांना बोलवाल तेव्हा सिंगापूरला किमान तीन तासांचा थांबा ठेवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.