ऑर्किड आत की बाहेर?

प्रश्न : आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नागपूरहून आणलेली दोन ऑर्किड, एक फॅलेनॉप्सिस आणि एक उसासारख्या दांड्यांचं डेंड्रोबियम, अंगणातल्या आंब्याला टांगली आहेत. पारा ८-९ वर आला नि फॅलेनॉप्सिसच्या पानांवर खड्डे पडले, कळ्या पिवळ्या होऊन गळल्या. डेंड्रोबियमची पानंही झडताहेत. दोन्ही घरात घेऊ का?

उत्तर : ताई, फॅलेनॉप्सिस आज संध्याकाळीच आत घ्या. दिवाळीच्या सुमाराची १८ अंशांची रात्र त्याला मानवते, फुलाचा दांडा त्याच गारव्यानं निघतो. पण १५ च्या खाली ते कुढतं. आत म्हणजे चुलीजवळ नव्हे हो, धुरानं उरल्यासुरल्या कळ्याही जातील.

खड्ड्यांबाबत मला मात्र तुमच्या पाण्याचा संशय येतो. सकाळी टाकीचं पाणी घालता का? रात्रभर गारठलेलं ते पाणी पानावर पडलं की आतल्या पेशी बसतात, आणि खड्डा उमटायला काही आठवडे लागतात. त्यामुळे कालच्या थंडीला बोल लावून उपयोग नाही. मी स्वतः एका हिवाळ्यात पहाटे पाइप लावून सहा कुंड्या अशा खराब केल्या आणि महिनाभर कीड समजून फवारणी करत बसलो! आता दहा वाजता, छपरीत ऊन आलं की विहिरीचं पाणी काढतो. थंडीत ते कोमट असतं. आधी मूळ बघतो. रुपेरी दिसलं तर पाणी, हिरवं असलं तर उद्या. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर चिंधीनं टिपून घ्या, नाहीतर थंड रात्री गाभा कुजतो.

डेंड्रोबियमचं एवढं आठवून पाहा : मागची फुलं दांड्याच्या पेरापेरावर आली होती, की शेंड्यातून निघालेल्या लांब तुऱ्यावर? तुऱ्यावर असतील तर तेही आत. पेरांवर असतील तर ते नोबिली जातीचं. पान झडणं हा त्याचा हिवाळी रिवाज. खत बंद, पाणी नावापुरतं, आंब्यावरच राहू द्या. पेरांवर कळ्या दिसेपर्यंत लाड नकोत. फांदी जरा उंच निवडा. गारठा खाली बसतो, बांधीकडच्या, म्हणजे धानाच्या शेताकडच्या, बाजूला तर जास्तच.

आमच्या घरामागच्या सांदवाडीतल्या मोहावर रास्ना आहे, आपलं रानातलं ऑर्किड. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं, आमच्याकडेही दात वाजत होते. कोरड्या सालीवर ते तसंच बसून राहिलं. उन्हाळ्यात फुललंही.

खड्डे पडलेली पानं कापू नका. हिरवी आहेत तोवर झाडाला पोसतील. फॅलेनॉप्सिसची फुलं मात्र आता बहुतेक पुढच्या हिवाळ्यात.