"मॅडम, माका शब्द मेळनात"

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली, पेडण्याकडची, हिस्ट्रीत एमए करणारी. नाव लिहीत नाही, एक-दोन तपशील बदललेत आणि तिला विचारूनच हे लिहितेय, कारण इंग्लिश शब्द तोंडी येत नाहीत ही काळजी घेऊन येणारी मुलं आणि त्यांचे आईबाबा मला दर महिन्याला भेटतात. म्हापशाला माझ्या खोलीत ती निथळणारी छत्री घेऊन आली, खुर्चीत बसायच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाच जाडजूड वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मॅडम, माका शब्द मेळनात."

घरी कोंकणी, गावातली सरकारी प्राथमिक शाळा मराठी, मग पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिश. गोव्यात कितीतरी मुलं याच वाटेने जातात. ती हुशार, बीएला चांगले मार्क, पुढे बाहेरच्या देशात शिकायचं म्हणून जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी चाललेली. सीनियरकडून शब्दांच्या जुन्या याद्या मिळालेल्या, त्या एबीसीडीच्या क्रमाने वहीत उतरवायच्या, निळ्या पेनाने इंग्लिश, लाल पेनाने मराठी अर्थ, रोज तीस. आणि तरी वर्गात बोलायची वेळ आली की घसा कोरडा. तिने शेवटी मान खाली घालून विचारलं ते मात्र वेगळंच होतं. "मराठी शाळेत घातलं म्हणून माझं असं झालं का?"

यावर लगेच "नाही गं" म्हणून मोकळं होता येतं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. मी पहिली वही उघडली आणि अबेट या शब्दावर बोट ठेवलं. तिने क्षणात सांगितलं, "कमी होणे, ओसरणे." म्हटलं, बरोबर, आता बाहेर बघ, पाऊस ओसरलाय, हे अबेट वापरून सांग. गप्प. ओठ हलले पण वाक्य काही आलं नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं. खरं तर त्या क्षणी मला कळलं की हिच्याकडे शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येक शब्द एकटा पडलाय, त्याला ना वाक्य, ना जागा, ना माणूस.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विसरण्यावरचं काम प्रसिद्ध केलं, त्याने मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ केली आणि ती किती भराभर विसरतात ते मोजलं. यादीतला शब्द जवळपास तसाच असतो, कशालाच न जोडलेला. तिला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा ताठ बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की डोकंच कच्चं आहे.

मग हळूहळू मूळ दुखणं बाहेर आलं. वर्गात जुन्या गोव्यावर प्रेझेंटेशन होतं आणि हिने तिथल्या से कॅथेड्रल या मोठ्या चर्चला ग्रँडिओस म्हटलं. वहीत अर्थ लिहिलेला, भव्य. मागून कुणीतरी हसलं, शिकवणारेही जरा हसले, आणि त्या दिवसापासून ती वर्गात बोललीच नाही. आता ग्रँडिओसमध्ये मोठेपणा आहे, पण तो पोकळ, उगाच मिरवलेला, आणि ही छटा लाल पेनाने लिहिलेल्या एका शब्दात मावलीच नाही. चूक एवढीशी, पण हसणाऱ्यांपैकी एकानेही तिला हे समजावून सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो.

आम्ही ठरवलं, पंधरा दिवस वह्या बंद. त्याऐवजी सकाळी आधी नवप्रभेत एक बातमी वाचायची आणि मग तीच बातमी नवहिंद टाइम्समध्ये. काय झालंय ते मराठीतून आधीच ठाऊक असतं त्यामुळे इंग्लिश शब्द अडला तरी अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधायला डोकं जे कष्ट घेतं त्यानेच शब्द पक्का बसतो. बातमीतून दोनच शब्द घ्यायचे. अर्थाबरोबर पूर्ण वाक्य लिहायचं, तेही स्वतःच्या घरातलं, आणि मोठ्याने म्हणायचं. चिठ्ठ्या चपलांच्या खोक्यात ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी बघायच्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, आठवला तर पुढच्या कप्प्यात, विसरला तर परत पहिल्या. खोक्याची ही युक्ती लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात लोकांपर्यंत नेली, आजची फ्लॅशकार्डवाली बरीच ॲप्स त्याच तत्त्वावर चालतात.

दोन शब्दांनी काय होणार, असं तिला वाटलंच. पॉल नेशन नावाचे न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत, त्यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला होता की इंग्लिश पेपर किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण 8000 ते 9000 शब्द-कुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह मिळून एक. म्हणजे एक शब्द नीट ओळखीचा झाला की त्याची भावंडंही मागोमाग येतात. आणि ज्या जीआरईसाठी हा सगळा खटाटोप, तिथले विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न 2011 मध्येच गेले, आता वाक्याचा रोख पकडून शब्द निवडावा लागतो. जुन्या याद्या मात्र अजून हातोहात फिरतायत.

चौथ्या भेटीत मी तिला विचारलं, तू पणजीला बसने जातेस तेव्हा काय काय लागतं? ती हिस्ट्रीची, तिला पोर्तुगीज नावं तोंडपाठ. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली ती नोव्हा गोवा म्हणून. नोव्हा म्हणजे नवा, आणि आपला नव आणि लॅटिनचा नोव्हस हे तर जुने सख्खे. मग नॉव्हेल, इनोव्हेट, रेनोव्हेट, नॉव्हिस. नॉव्हिसला मराठीत काय म्हणशील विचारलं तर म्हणाली "नवशिका", आणि स्वतःच थबकली, अरे, नव इथेपण आहे! आल्तिन्हो म्हणजे छोटीशी उंच जागा, त्यातून आल्टिट्यूड आणि एक्झॉल्ट. मिरामारमधला मार म्हणजे समुद्र, मरीन, मॅरिटाइम, आणि मिरामध्ये बघणं, त्याच घरातले मिरर आणि ॲडमायर. ज्या मराठी शाळेला ती दोष देत होती तिथेच तिला मातृ, दंत, नव हे शब्द मिळाले होते, आणि मॅटर्नल, डेंटल, नॉव्हेल हे त्यांचेच नातेवाईक.

अर्थात नुसत्या अंदाजावर विसंबता येत नाही. पुढच्या खेपेला ती उड्या मारतच आली, ॲडमिरल पण मिरामारचाच ना, समुद्रावरचा अधिकारी! डिक्शनरी उघडली तर निघाला अरबी, आपल्या अमीर-उमरावातल्या अमीरच्या घरचा. तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्याकडे बघत होते, पण ती पेन काढून लिहायलाच लागली.

चवथीच्या दरम्यान फोनवर एक वाक्य आलं, "द रेन अबेटेड ओन्ली आफ्टर वी हॅड टाइड द माटोळी." मी ते दोनदा वाचलं. माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळांची चौकट, तिची फळं बांधताना सगळं घर पावसाच्या नावाने कसं ओरडत असेल ते डोळ्यांपुढे आलं.

वर्गात बोलायला अजून वेळ लागला, नोव्हेंबर उजाडला. आधी धाकट्या भावासमोर, मग एका मैत्रिणीसमोर, मग सेमिनारमध्ये दोनच वाक्यं. अजूनही अडखळते, मधेच शब्द शोधायला थांबते, पण आता थांबल्यावर खाली बघत नाही.

शेवटच्या भेटीला ती जुन्या पाचांतली एकच वही घेऊन आली होती. गावात शेताच्या कडेला कुणीतरी बंगला बांधलाय, चार माणसं राहणार आणि पुढे आठ खांब, हे ती मला हातवारे करून सांगत होती, आणि सांगता सांगता म्हणाली, "मॅडम, दॅट हाउस इज ग्रँडिओस." मग वहीतलं ते पान काढलं. भव्यवर आडवी रेघ मारली होती आणि शेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, बडेजाव, भपका, खांबवाला बंगला.