दोन लाखांचं रिव्हॉल्व्हर की आधी घरातलं सोनं हलवायचं? वस्तीवरच्या एका दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज सकाळी वाचला, रात्री परत वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा शिरूर तालुक्यात गावापासून अडीच किलोमीटर लांब वस्तीवर राहतात, चौदा गायी, ऊस आणि कांदा, घरात ७८ वर्षांची आई, वहिनी आणि एमपीएससी करणारा मुलगा. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, म्हाताऱ्या नवराबायकोला मारहाण झाली, तेव्हापासून दादांना झोप नाही. आता रिव्हॉल्व्हरचं लायसन काढायचं म्हणतायत, सगळं धरून दोन लाख लागतील असं कोणीतरी सांगितलंय, आणि त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडायची तयारी आहे. घरात २२ तोळे सोनं आणि कांद्याच्या पट्टीची (विक्रीच्या हिशोबाची) दीड लाखाची रोकड कपाटात आहे हे त्यांनी जाता जाता लिहिलंय.

दादा, माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला खालपर्यंत शोधत बसायला नको. आत्ता अर्ज करू नका, आणि एफडीला तर हात लावू नका. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, वस्तीवर रात्री कुत्रं भुंकलं की पोटात काय होतं ते मला माहितीये, कारण आमच्या मामांची वस्ती नगर जिल्ह्यात अशीच उसात होती आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्यात.

मामांकडे बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती, रीतसर लायसनची. जुन्या धोतरात गुंडाळून आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायची, दिवाळीच्या आधी मामा ती बाहेर काढून पडवीत बसून तेल-फडक्याने पुसायचे आणि आम्ही पोरं लांब उभं राहून बघायचो. काडतुसं वेगळी, धान्याच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात, आणि कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. सगळं नियमाने. मग एका रात्री दीडच्या सुमारास पाच जण आले. मामा पडवीत बाजेवर झोपलेले, त्यांना उठूनसुद्धा दिलं नाही, एकाने छातीवर पाय ठेवला, दोघं दरवाजा लोटून आत गेले आणि मामीच्या मानेवर कोयता ठेवून मंगळसूत्र, पाटल्या, डब्यातले पैसे घेऊन सात-आठ मिनिटांत उसात गेलेसुद्धा. बंदूक जागची हलली नाही. मामा आणि बंदूक यांच्यामध्ये दोन दरवाजे, एक किल्ली आणि एक डबा होता. मामी नंतर म्हणायची, बरं झालं कपाटापर्यंत कोणीच पोचलं नाही, ना हे ना ते चोर.

हे सांगतोय कारण दोन लाख कशाला देताय याचा हिशोब इथूनच सुरू होतो. घरात लेकरं-म्हातारी माणसं असताना हत्यार कुलूपबंद ठेवावंच लागतं, ते सुरक्षित ठेवायची हमी अर्जातच द्यावी लागते, आणि कुलूपबंद ठेवलं की झोपेतून उठलेल्या माणसाला ते वेळेत मिळत नाही. उशाखाली भरून ठेवलं तर वेळेत मिळेल, पण मग ते घरातल्या प्रत्येकालाच मिळेल. या दोन्हीच्या मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

आता पैशाचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के झालाय, आधी २८ होता, म्हणजे मूळ किंमत लाखाची असेल तर चाळीस हजार नुसता टॅक्स. ज्याने दोन लाख आकडा सांगितला त्याला विचारा नवा टॅक्स धरलाय का. त्यावर तिजोरी, ट्रेनिंगचा खर्च, मेडिकल सर्टिफिकेट, पुण्याच्या कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या (तुमचा भाग ग्रामीण पोलिसांकडे म्हणून परवाना जिल्हाधिकारी देतात, कमिशनर नाही), पोलीस ठाण्याची चौकशी, सरावाची काडतुसं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन पाच वर्षांचं झालंय त्यामुळे दर पाच वर्षांनी परत हेच सगळं. आणि एवढं करून परवाना मिळेलच असं नाही, जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं, शेजारी दरोडा पडला एवढ्यावर काम होईल असं धरून चालू नका.

हे सगळं खर्चात धरा, गुंतवणुकीत नाही. विकायचं म्हटलं तर फक्त लायसनवाल्याला किंवा डीलरला विकता येतं, त्यामुळे भाव तो म्हणेल तो. आमचे मामा गेल्यावर बंदूक कायद्याप्रमाणे जमा करावी लागली, दोन्ही मामेभावांपैकी कोणालाच स्वतःच्या नावावर लायसन नको होतं, तीन वर्षं कागद फिरत राहिले आणि शेवटी डीलरने अगदी थोड्या पैशात घेतली. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याचदा लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. झेडपी, विधानसभा, लोकसभा, दर वेळी तुमची दोन लाखांची सुरक्षा महिना-दीड महिना ठाण्यात पडून.

गोळी चालवावी लागलीच तर? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, कलम ३४ ते ४४, आणि सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क बराच पुढे जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही ही अट त्यातच आहे, आणि ती गरज किती होती ते त्या रात्री अंगणात ठरत नाही, नंतर कोर्टात ठरतं. तोपर्यंत हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त, वकिलाची फी चालू, तारखांना जायचं तर गोठा कोण बघणार? पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी बसली तर स्वसंरक्षण म्हणून सांगणं फार अवघड होतं.

बिबट्याचंही तुम्ही लिहिलंय, शिरूर-जुन्नर पट्ट्यात ते असणारच. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, अंगावर आल्यावर जीव वाचवणं वेगळं आणि गोठ्याजवळ दिसला म्हणून गोळी घालणं वेगळं, दुसऱ्यात थेट गुन्हा. गोठ्याला पक्की जाळी, रात्री लाईट, आणि वनविभागाचा १९२६ नंबर. पिकासाठीचा परवाना काढून काम भागेल का असं विचारलंत, तो ठासणीच्या बंदुकीसारख्या लांब हत्याराचा असतो, कोकणात रानडुकरांसाठी लोक ठेवतात, रिव्हॉल्व्हर त्यात येत नाही.

आता मुद्द्याचं. दरोडेखोर तुमच्या घरी कशासाठी येतील? कपाटातल्या सोन्यासाठी. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय, म्हणजे २२ तोळ्यांचे बावीस लाखांच्या वरच झाले, वर दीड लाख रोकड. तुम्ही साडेतेवीस लाखांच्या वरचा माल एका कपाटात ठेवून त्याच्या राखणीला दोन लाख काढताय. माल तिथे नसेल तर राखण कशाची करायची? लग्नकार्यात गावाने वहिनींच्या अंगावर ते बघितलेलं असतं, ऊस तोडायला येणारे, कांदा भरायला येणारे, सगळे घरात डोकावून जातात, मी कोणावर संशय घेत नाहीये पण गोष्ट पसरते. ती तशीच दुसरीही पसरू द्या, की यांचं सगळं आता बँकेत असतं.

म्हणून पहिलं काम लॉकर. तालुक्याच्या ठिकाणी छोटा लॉकर वर्षाला दोन-तीन हजारात मिळायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. बाकीच्यासाठी दागिन्यांचा वेगळा विमा घ्या, त्याला सोनाराकडून व्हॅल्युएशन आणि फोटो लागतील, ते या महिन्यातच करून ठेवा, बिलं सापडली तर उत्तमच. घराचाही विमा घ्या, भारत गृह रक्षा पॉलिसी आग-पूर-वादळासाठी चांगली आहे आणि घरातल्या सामानालाही काही प्रमाणात धरते, पण साधी घरफोडी त्यात आपोआप येत नाही, ते कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, एजंट विसरतात, तुम्ही विचारा. कांद्याची पट्टी शक्य तिथे खात्यावर घ्या, घरात दहा-पंधरा हजारांच्या वर ठेवू नका.

दुसरं, घर. खिडक्यांना आतून ग्रिल, दरवाजाला लोखंडी पट्टीचा अडसर, चार कॅमेरे इन्व्हर्टरवर (लाईट घालवूनच आत येतात, म्हणून इन्व्हर्टर महत्त्वाचा), गोठ्यावर आणि पाठीमागे सोलर फोकस, एक मोठा सायरन ज्याचं बटण तुमच्या आणि आईच्या खाटेजवळ. माझ्या अंदाजाने साठ ते ऐंशी हजारात बसेल. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे का विचारा, असेल तर घरातल्या चौघांचे नंबर त्यात घालून घ्या, एक कॉल केला की आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि अडीच किलोमीटरवरचं गाव जागं होतं. पोलिसांचा ११२ नंबर आहेच. हे पैसे एफडीतून नाही, कांद्याच्या त्याच रोकडीतून काढा, कपाटातली जोखीमही तेवढी कमी होईल.

एफडी का नाही? कारण तुमचा संकटकाळचा पैसा तेवढाच आहे. एक गाय आजारी पडली, कांद्याचे भाव पडले, कारखान्याचं बिल लांबलं तर घर त्यावरच चालणार. आईंचं वय सत्तरच्या वर आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. काढलं नसेल तर रिव्हॉल्व्हरच्या अर्जाआधी ते काढा.

आणि दादा, आता जे लिहितोय ते पैशाचं नाही, पण न लिहिता राहवत नाही. खर्चाच्या यादीत तुम्ही एक ओळ लिहिलीय, "मुलाचे पुण्याचे खोलीभाडे आता नाही, दुसऱ्यांदा राहिला, घरीच आहे, फारसा बोलत नाही." ती ओळ मी कितीदा वाचली सांगता येत नाही. ज्या घरात तरुण पोरगं असं गप्प झालंय त्या घरात या वर्षी तरी भरलेलं किंवा रिकामं कसलंच हत्यार येऊ नये, किल्ली कुठेही ठेवलीत तरी त्याला ती माहीत असणार, मला मामांच्या देव्हाऱ्यातली माहीत होती तशी. अमेरिकेत या विषयावर खूप अभ्यास झालाय आणि घरात बंदूक असली की घरातल्याच माणसाने स्वतःचा जीव घेण्याचा धोका वाढतो असंच त्यात परत परत दिसलंय. तुमच्या मुलाच्या मनात काय आहे मला माहीत नाही, कदाचित नुसता थकला असेल, पण त्याच्याशी बोला, परीक्षेबद्दल नाही, नुसतं बोला. झोप-जेवण बिघडलं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःही फोन करून विचारू शकता.

एक वर्ष जाऊ द्या. सोनं लॉकरमध्ये, घर पक्कं, पोरगा मार्गी किंवा निदान हसता-बोलता झाला, आणि तरीही तुम्हाला वाटलं की धोका आहे, तर परत लिहा, तेव्हा एफडी न मोडता पैसे कुठून उभे करायचे ते मी बसून काढून देईन.

तोपर्यंत येत्या सोमवारी वहिनींना घेऊन बँकेत जा, लॉकर दोघांच्या नावावर घ्या आणि नॉमिनी तिथेच भरा. कॅमेऱ्याचं कोटेशन आलं की मला पाठवा, इन्व्हर्टर धरलाय का ते बघून सांगतो.