मावशींना बालविभागात बसवू नकोस

अगं, वाचनालयात घरकाम करणाऱ्या मावशींसाठी प्रौढांचा साक्षरता वर्ग घेतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, तरी घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना वाचनालयाचा उंबरठा परकाच वाटतो. म्हणून सभासदत्वाचा अर्ज तू शेजारी बसून भर. अंगठा मात्र नको, वेळ लागला तरी नाव त्यांनाच गिरवू दे.

बालविभागात बसवू नकोस. नातवाच्या वयाचं पुस्तक हातात दिलं की बाई दुसऱ्या दिवशी येत नाही, हे मी पाहिलंय. सुरुवात रोजच्या कागदांपासून कर: वीजबिल, रेशनकार्ड, औषधाचं पाकीट. आणि लोकलची स्थानकं! ‘कळवा’, ‘दिवा’ लवकर जमतात. ‘मुंब्रा’तल्या जोडाक्षरापाशी थांबावं लागतं. थांब तिथे, घाई नको.

वेळ त्यांना विचारून ठरव. दुपारी कामं आटोपल्यावर बऱ्याच जणी मोकळ्या असतात, नेमकं तेव्हाच वाचनालय बंद असतं. ग्रंथपालांकडे तेवढ्या दोन तासांसाठी वाचनकक्ष माग.

केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्या निरक्षरांची नोंदणी होते, तीही करून घे. पण त्यातल्या परीक्षेचं नाव पहिल्याच आठवड्यात काढू नकोस.